पळसाचं पाणी

फाल्गुन लागला हे मला कॅलेंडरवरून कळत नाही. सकाळी अंगावरची गोधडी आपोआप पायाशी गेलेली असते, गच्चीवर वाळत घातलेलं लुगडं तासाभरात पापडासारखं कडक होतं, आणि सगळा हिवाळा कुरकुरणारा माझा उजवा गुडघा एकदम गप्प बसतो. मग मी ओळखते, पळस फुलला असणार. यवतमाळच्या आमच्या कॉलनीत पळसाचं एकही झाड नाही. अशोकाची आहेत, उंचच उंच, ना फूल ना सावली. ती कोणी आणि कशाला लावली, हे मला आजवर कळलेलं नाही.

परवा माझी लेक शकू आली. साठी ओलांडलेली बाई, चष्मा, साखरेच्या गोळ्या, सगळं रीतसर आहे. पण गाडीतून उतरली ती परकरातल्या पोरीसारखी. हातातली पिशवी तिने सरळ माझ्या मांडीवर उपडी केली. केशरी फुलं. काही ताजी, काही देठाशी काळपटलेली, त्यात दोन मुंगळे.

"आर्णीच्या रस्त्यानं गाडी थांबवून वेचले," ती म्हणाली. "ड्रायव्हर मले बह्याड समजून राह्यला होता."

"मंग? चुकीचं काय समजला?" मी म्हटलं.

तिच्यासोबत तिचा नातू आला आहे, ईशान. पुण्याचा, चार वर्षांचा. सोबत त्याची आईही आहे. पोराला अंगणात सोडायचं म्हटलं की ती आधी त्याच्या तोंडाला, मानेला, कानांमागे पांढरं मलम चोपडते, मग टोपी घालते, मग मोबाईलवर आजचं ऊन किती ते बघते आणि शेवटी म्हणते, उद्या जाऊ. शकू कपाळावर हात मारून घेते. मी मात्र त्या मुलीला हसत नाही. मला तो हक्क नाही. मी माझी पोरं जवळजवळ महिनाभर अंधारात कोंडून ठेवली होती.

अठ्ठावन्न-एकोणसाठच्या सुमाराची गोष्ट. हे पटवारी होते आणि आमचं बिऱ्हाड महागावजवळच्या एका खेड्यात होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे परसात एक रांजण आणि एक बाभूळ. गावाभोवती कापसाची, तुरीची वावरं. सोयाबीनचं नावही तेव्हा कोणी ऐकलं नव्हतं. पऱ्हाट्या उपटून झाल्या, गहू-हरभरा घरात आला, की चारी बाजूंची जमीन उघडी पडायची. काळी, भेगाळलेली. आणि त्या काळ्या जमिनीच्या कडेला, पूस नदीकडे जाणाऱ्या नाल्यापलीकडे, पळसाचं बन होतं. फाल्गुनात ते असं फुलायचं की ओसरीवरून पाहिलं तरी नजर हलू नये. मी त्या बाजूची खिडकी लावून घेतली होती. तिच्यातून ऊन यायचं.

माझा पहिला मुलगा मधू आदल्या वर्षीच्या वैशाखात गेला. पाच वर्षांचा होता. त्या दुपारी मी तिन्ही पोरांना घेऊन खाली ओल्या फरशीवर आडवी झाले, माझा डोळा लागला आणि तो हळूच कडी काढून बाहेर गेला. कैऱ्या पडल्या असतील म्हणून गेला असेल. पोरं आणखी कशासाठी जातात? मी उठले तेव्हा तो ओसरीवर येऊन निजला होता. अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं. घामाचा एक थेंब नाही. कांद्याचा रस चोळला, पन्हं पाजलं, गाडी जुंपून महागावच्या डॉक्टरकडे निघालो. मधू वाटेतच गेला.

मला कोणी बोललं नाही. ह्यांनी तर एका शब्दानेही नाही. पण भेटायला आलेल्या बायका एकमेकींना दबक्या आवाजात सांगायच्या, "बाई झोपली होती ना." त्यात दोष द्यायचा हेतू नव्हता, घडलं तेच त्या सांगत होत्या. मी ते ऐकलं. त्यानंतर मी दुपारी डोळा मिटला नाही. रात्रीही झोप म्हणावी अशी नव्हतीच. दोन्ही पोरांच्या छातीवर एकेक हात ठेवून पडून राहायचं, एवढंच. ह्यांना कोणीतरी सुचवलं, बाईला हवापालटाला न्या, चिखलदऱ्याला न्या. पटवाऱ्याने बायकोला चिखलदऱ्याला न्यायचं म्हणजे गावाला वर्षभर पुरेल असा विषय झाला असता. तो बेत तिथेच राहिला.

वर्ष फिरलं, रथसप्तमी झाली, उन्हाने डोळे वटारले आणि मी दार लावलं. शकू पाचची, विनू तीनचा. बाहेर ऊन दबा धरून बसलंय, ते लेकरांना घेऊन जातं, असं मी त्यांना सांगायची. दोघं ऐकायची बिचारी. शकू अंधारात बसून होळीसाठी शेणाच्या चाकोल्या सुतळीत ओवायची, विनू भिंतीचा पोपडा काढून गुपचूप खायचा. दोघांचे चेहरे बरणीखाली उगवलेल्या कोंबासारखे फिक्कट झाले होते. मला ते दिसत होतं. पण फिक्कट पोर जिवंत असतं, असा माझा हिशेब होता.

सकरीबाई नाल्यापलीकडच्या तांड्यातली. आठवड्यातून दोनदा लाकडाची मोळी घेऊन यायची. आरसे जडवलेली काचोळी, घेरदार घागरा, दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती दिसायच्या आधी तिचा आवाज यायचा. तिच्या आजेसासऱ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून सारा मुलूख पालथा घातला होता, आणि तिच्या नवऱ्याला वावराच्या धुऱ्याबाहेर पाऊल टाकायचा कंटाळा. हे तीच सांगायची आणि स्वतःच हसायची. एक दिवस मोळी टाकून ती पाणी प्यायला टेकली आणि दाराच्या फटीतून तिला चार डोळे दिसले.

"पटवारीनबाई, ह्या पोरायले काहून कोंडलं वं? कोंबड्या बी इतक्या डाल्याखाली ठेवत नाई कोनी."

"ऊन लागन," मी म्हटलं.

"ऊन तं लागनच. उन्हाच्याच मुलखात राह्यतो आपन." तिने तांब्या खाली ठेवला. मधूचं तिला माहीत होतं. "माही बी दोन गेली, बाई. बाकीच्याईले मी कोंडलं नाई. पळसाच्या पान्यानं न्हाऊ घाला अन् सोडा. आमच्या तांड्यात सारे पोट्टे न्हातेत. अंग पुसू नका फकस्त, अंगावरच जिरू द्या."

ती गेली. मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी, ऊन वर यायच्या आत जाऊन यायचं, असं ठरवून मी पोरांना बाहेर काढलं. ती आमची पहिली स्वारी आठवली की आजही मला स्वतःचं हसू येतं. दोघांच्या डोक्याला ओली फडकी गुंडाळलेली, दोघांच्या खिशात उन्हावर उपाय म्हणून एकेक कांदा, माझ्या हातात ह्यांची काळी छत्री, आणि सूर्य अजून पुरता उगवलेलाही नव्हता. सकरीबाई बनाच्या तोंडाशी उभी होती. तिने पोरांना हुंगलं.

"भाजी कराची हाय काय पोरायची?" ती म्हणाली.

पदरात मावतील तेवढी फुलं भराभर ओरबाडली, पोरांना दोन्ही हातांनी धरलं आणि चोराने पळावं तशी घरी आले. विनूच्या मुठीत एकच फूल राहिलं होतं. ते त्याने दिवसभर सोडलं नाही.

आता माझ्या हातून जे झालं ते सांगते. माझं माहेर यवतमाळचं, म्हणजे शहरातलं, असा माझा तोरा. माहेरी पळस यायचा तो फक्त होळीला. आदल्या दिवशी हंड्यात फुलं घालून खळखळ उकळायची आणि वरून चिमूटभर चुना टाकायचा. त्याने रंग असा चढतो की आठ दिवस कानामागून निघत नाही. पळसाचं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तेच. दुसरंही काही असू शकतं, हे मनातही आलं नाही. मी फुलं उकळली. चुना टाकला. चिमूटभर कशाला, पोरांचं ऊन अडवायचं आहे, म्हणून चांगला बोटभर टाकला. कोमट झाल्यावर दोघांना पाटावर बसवलं, डोक्यावरून तांब्यावर तांबे ओतले आणि सांगितल्याप्रमाणे पुसलं नाही. अंगावर जिरू दिलं.

छान जिरलं. दुपारपर्यंत शकू हळद लागलेल्या नवरीसारखी दिसायला लागली. विनूच्या तर नखांच्या कडा, कानाच्या पाळ्या, बेंबी, सगळं पिवळं झालं. पाण्याचा गुण आला, असं समजून मी समाधानात होते.

संध्याकाळी हे दौऱ्यावरून आले. टोपी खुंटीला लावता लावता हात तसाच वर राहिला.

"अवं, पोट्ट्यायले काय झालं?"

"न्हाऊ घातलं. पळसाच्या पाण्यानं."

"पळसाच्या पान्यानं कोनी पिवळं होते काय? मी नाई न्हाल्लो? साऱ्या गावचे पोट्टे न्हातेत. एक तरी पिवळा पाह्यला तू?"

ह्यांचं लहानपण ह्याच मुलखातलं. ह्यांना रीत माहीत होती, आणि त्या रीतीत पोरं पिवळी होत नव्हती. मग ह्यांनी कंदील जवळ घेऊन पोरांच्या पापण्या वर केल्या. कंदिलाच्या उजेडात कोणाचेही डोळे पिवळेच दिसतात, पण ते तेव्हा कोणाला सुचतंय?

"कावीळ आहे," हे म्हणाले आणि त्यांनी कंदील खाली ठेवला. त्यांचा आवाज मी त्याआधी एकदाच तसा ऐकला होता, महागावच्या वाटेवर, बैलगाडीत.

गावात कावीळ उतरवणारे एक आजोबा होते. सकाळीच आम्ही दोन्ही पोरांना घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो. ते परातीत पाणी घेत, पोराच्या तळहातांना चुन्याची निवळी चोळत, काहीतरी पुटपुटत हात धूत. आणि पाणी थोडं पिवळसर झालं की कावीळ उतरू लागली, असं म्हणत. त्यांनी शकूचे हात धरले, चुना लावला, धुतले. परातीतलं पाणी पिवळसर झालं नाही. ते लालभडक केशरी झालं. आजोबांचा मंत्र मध्येच थांबला. त्यांनी पाणी फेकलं, नवीन घेतलं, विनूचे हात धुतले. तेही तसंच.

"पटवारी साहेब," ते म्हणाले, "उमर गेली हे काम करता करता. इतकी कावीळ म्या नाई पाह्यली."

परत येताना मी विनूला छातीशी इतकं आवळून धरलं होतं की तो ओरडला. मला वाटलं, आता हीही दोन जाणार. ऊन दारातून आत आलं नाही तर दुसरं काहीतरी आलं. घरी पोचल्याबरोबर विनूने भाकर मागितली, ती संपवून दुसरी मागितली. कावीळ झालेलं पोर दुसरी भाकर मागत नाही, एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांपैकी कोणाच्या डोक्यात शिरली नाही. हे गाडी जुंपायला निघाले.

तेवढ्यात मोळी घेऊन सकरीबाई आली. तिने पोरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"कसं केलं वं पानी?"

"उकळलं."

"उकळलं?"

"अन् चुना टाकला."

सकरीबाई डोक्यावरची मोळी खाली टाकून त्याच मोळीवर बसली. तोंडावर पदर घेतला तरी तिच्या बांगड्या खळखळत होत्या. "अवं माय! न्हाऊ नाई घातलं तुम्ही पटवारीनबाई, पोट्टे रंगवले! होळीले अजून आठ दिस हाय ना वं!"

हे दाराशी बैलाची वेसण हातात धरून उभे होते. आधी त्यांना कळलं नाही. मग कळलं, आणि ते हसायला लागले. वर्षभरात ह्या माणसाच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती; तो बैलाच्या मानेवर डोकं टेकून हसत होता. मग मी हसले. हसता हसता रडले, आणि रडता रडता परत हसले. शकू-विनू आमच्याकडे बघत होते आणि त्यांना काय गंमत आहे ते कळत नव्हतं. पण आईबाप हसतायत म्हटल्यावर तेही उड्या मारायला लागले, पिवळेजर्द.

"थंड्या पान्यात भिजू घालाचे फुलं," डोळे पुसत सकरीबाईने सांगितलं. "रातभर. सकाळी ते पानी उन्हात ठेवाचं. उन्हानं कोमट झालं का मंग न्हाऊ घालाचं. चुलीचं नाई चालत. उन्हानं तापलेलं पानी अंगाले लागलं का ऊन वळख ठेवते, मंग तरास देत नाई." आणि उठताना म्हणाली, "फुलं तं संपवले तुम्ही. उद्या माह्यासंग चला, दिवसभर. अन् ते कांदे घरीच ठेवजा."

मी कांदे घरी ठेवले. छत्री मात्र घेतली. वेशीवर पाणी भरणाऱ्या बायका पिवळ्या पोरांकडे बघून पदराआड हसत होत्या. शकू मान ताठ करून चालली होती. तिला त्या रंगाचा अभिमान वाटत होता, असं मला तेव्हा उगाच वाटलं.

पळसाच्या बनात मी त्याआधी कधी थांबले नव्हते. झाडांना पान एक नव्हतं, नुसती फुलं, आणि खाली जमिनीवरही तीच. चालताना पायाखाली मऊ लागायचं. मैनांनी नुसता बाजार भरवला होता. एक चिमुकला शिंजीर फुलात चोच घालून उलटा लोंबकळत होता. कुठून तरी पहिल्यावहिल्या मोहाचा गोड, जड वास येत होता. सकरीबाईने पोरांना फूल देठाकडून चोखायला शिकवलं. पहिला थेंब जिभेवर पडला तेव्हा विनूचे डोळे असे मोठे झाले की मीही एक फूल घेतलं. मग एकेक वाकडी पाकळी प्रत्येक बोटाच्या नखावर चढवायची, की झाला वाघ. दोन वाघ मला तासभर खात होते.

नाल्यात पाणी आटलं होतं, पण सकरीबाईने वाळूत हाताने खड्डा केला आणि म्हणाली, "थांबा." आम्ही चौघंही त्या खड्ड्याभोवती उकिडवे बसलो. आधी वाळू ओली झाली. मग बुडाशी चमकलं. मग हळूहळू, कोणी ओततंय असं न दिसता, स्वच्छ पाणी वर आलं. अशा झिऱ्याचं पाणी मी पुढे शंभरदा प्याले असेन, पण त्या दिवशी ते भरताना बघत बसले होते, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी सूर्य कुठे आला ते पाहिलं नाही. मी घाईघाईने वर पाहिलं. तो डोक्यावर यायला निघाला होता.

"चला," मी म्हटलं. "जेवून निघू."

काठावर एक जुनं जांभळाचं झाड होतं, दाट सावलीचं. तिथे भाकरी सोडल्या. विनूने सकरीबाईच्या भाकरीतला तुकडा परस्पर उचलला आणि मी न पाहिल्यासारखं केलं. पटवाऱ्याच्या घरच्यांनी तांड्यातलं खायचं नाही, हे त्या काळचं शहाणपण. सकरीबाईला ते ठाऊक होतं. अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा तिने माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला. तिची भाकर माझ्यापेक्षा चांगली झाली होती, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही, ह्याची मला अजून चुटपुट आहे.

जेवण झालं. खोडाला पाठ टेकून बसले. शकू माझ्याजवळ पाकळ्यांची रांग लावत होती. सकरीबाई एका फडक्यावर आरसे टाकत होती, तिच्या सुईकडे मी बघत होते.

"निजा घडीभर," ती मान वर न करता म्हणाली.

"नाई."

"मी हाय ना."

सुई वर, सुई खाली. एवढंच आठवतं.

जाग आली तेव्हा पहिल्यांदा मला कळेना मी कुठे आहे. मी आडवी झाले होते, डोक्याखाली सकरीबाईचं गुंडाळलेलं फडकं होतं. मी झोपले होते. दुपारी. सावली सरकून कधीच पलीकडे गेली होती, माझे पाय भर उन्हात होते. लांब नाल्याच्या वाळूत सकरीबाई वेचलेल्या फुलांचं गाठोडं बांधत होती आणि विनू तिच्याभोवती उघडाबंब धावत होता, उन्हात. आणि शकू माझ्या उशाशी उभी होती. सूर्याकडे पाठ करून, दोन्ही हात थोडे बाजूला पसरून, परकराचा घेर धरून. तिचे पिवळे कान उन्हात उजळले होते.

उन्हातून बाजूला हो, असं ओरडायला मी तोंड उघडलं. पण त्याआधी माझा हात तिच्या मानेवर गेला. मान ओली होती. घामाने चिंब, थंडगार. मी तिच्या कपाळाला हात लावला, पाठीला लावला, काखेत घातला. सगळीकडे घाम. शकू गुदगुल्यांनी हसायला लागली. मी तिला जवळ ओढलं आणि तशीच बसून राहिले, उन्हात, बराच वेळ. कोणाला काहीही झालं नव्हतं. मी झोपले होते आणि कोणाला काहीही झालं नव्हतं.

ती तशी का उभी होती, ते मी विचारलं नाही. कसला तरी खेळ असेल, असं समजले. पाच वर्षांची पोरं कशीही उभी राहतात.

त्या संध्याकाळी फुलं थंड पाण्यात भिजत घातली, आणि दुसऱ्या दिवशी घंगाळ अंगणात मधोमध, उन्हात ठेवलं. पाणी फिक्कट केशरी झालं होतं, चहात दूध जास्त पडावं तसं. ह्या वेळी कोणी पिवळं झालं नाही. मग मी खिडकी उघडली. त्या उन्हाळ्यात माझी पोरं अंगणात, बाभळीखाली, शेजारच्या ओसऱ्यांवर काळीसावळी होत हिंडली. मी पूर्ण निर्धास्त झाले असं नाही. भर बाराला हाक मारून आत घ्यायचीच. पण दुपारी त्यांच्याजवळ आडवी व्हायला लागले. डोळा लागू लागला. त्यानंतर दर फाल्गुनात घंगाळ अंगणात गेलं; बदल्या झाल्या, गावं बदलली, सकरीबाई मागे राहिली, पण तिचं पाणी राहिलं. विनूचं डोकं आता नागपुरात बसून बसून टकलं झालंय, तोही होळीला आला की म्हणतो, आई, एक तांब्या माझ्यावरही ओत. मधू मात्र माझ्या मनात अजून पाचच वर्षांचा आहे. त्याला हे पाणी मिळालं नाही, हे मी दर वर्षी पहिला तांब्या ओतताना म्हणते, मनातल्या मनात.

काल सकाळी शकूने फुलांची बादली गच्चीवर उन्हात ठेवली. ईशानची आई बाजूला उभी राहून बघत होती, हातात मलमाची ट्यूब. दहा वाजता आम्ही त्या पोराला न्हाऊ घातलं. त्याने ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं आणि जाहीर केलं की ह्याला काहीच वास येत नाही. त्याची आई हसली. ट्यूब तिने परत पिशवीत टाकली आणि त्याला खाली अंगणात सोडलं.

मी आणि शकू गच्चीच्या दाराशी खुर्च्या टाकून बसलो. ऊन उंबऱ्यापर्यंत आलं होतं. मला डुलकी लागली असावी, कारण डोळे उघडले तर शकू खुर्चीवरून उठून माझ्यापुढे उभी. बाहेरच्या उन्हाकडे पाठ करून, पदर दोन्ही हातांनी थोडा पसरून.

"शके, काय करून राह्यली?"

"तोंडावर ऊन आलं होतं तुझ्या," ती म्हणाली. "नाल्यावर बी असंच आलं होतं. सकरीबाई म्हने, मायले उठवू नको, लय दिसाची जागी हाय ते. मंग मी उभी राह्यली. माही सावली बराबर तुझ्या तोंडापुरती होती. पाय नाई झाकल्या गेले."

एवढी वर्षं हिने हे मला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे, असंच तिला वाटलं नसावं.

"अवं, पण ऊन लेकरायले घेऊन जाते म्हणून मीच सांगितलं होतं तुले. भेव नाई वाटलं?"

"कायचं भेव?" शकू पदर सावरत म्हणाली. "मी तं पिवळी होती."